तिरोड्याचे तलाव : आधी पाणी कुणाला?

आजची गोष्ट तिरोड्याची. आपला गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने या भागात शेकडो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते, म्हणून आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी.

पाण्याची खरी ओढ कधी लागते? पाऊस थांबतो आणि धान निसवायला येतो तेव्हा. सगळ्यांना एकदमच पाणी हवं असतं! मग आधी कुणाच्या बांधीत सोडायचं, उन्हाळ्यात गुरांसाठी किती राखायचं, हे गावातच ठरायचं. मालगुजाराचा शब्द अर्थातच जड असायचा. इंग्रजी अमलात तालुक्यात बोदलकसा (१९१७) आणि चोरखमारा (१९२३) हे मोठे तलाव झाले.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. चांगलंच झालं. तलाव सरकारी झाले, पण गाळ काढायचा कुणी? कितीतरी तलाव उथळ झाले.

आज वैनगंगेच्या पाण्यावर शेती आहे, गावं आहेत आणि तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा वीज प्रकल्पही आहे. मला वाटतं, नुसती पाइपलाइन टाकून भागत नाही. उन्हाळ्यात आधी कुणाला, हे सगळ्यांसमोर ठरायला हवं. तुमच्या गावात ते कोण ठरवतं? आजीआजोबांना विचारा, आणि आम्हालाही कळवा!