खांडबाऱ्याच्या वाट्याचा माग

राज्याच्या अर्थसंकल्पात खांडबाऱ्याचा वाटा किती? अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत तरतुदी विभाग आणि लेखाशीर्षानुसार मांडलेल्या असतात, गावानुसार नाही. त्यामुळे सुरत–भुसावळ लोहमार्गावरच्या, नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातल्या या गावाचा वाटा शोधायचा तर कागद एकापुढे एक लावत जावे लागते. त्यांतले पहिले कागद पैशांचे नाहीत, सीमांचे आहेत, कारण हा वाटा गाव आदिवासी क्षेत्राच्या सीमेत असल्यामुळे मिळतो.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली १९३६ साली एक आदेश निघाला. त्यातल्या मुंबई प्रांताच्या ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रांच्या यादीत पश्चिम खानदेशातला नवापूर पेठा (पोटतालुका) नोंदवलेला आहे. राज्यघटना लागू झाल्यावर १९५० च्या अनुसूचित क्षेत्र आदेशात नवापूर पुन्हा येते. एवढे निश्चित. त्या काळी खांडबारा याच पेठ्यात होते, हा मात्र तर्क आहे. तालुक्याच्या सीमा पुढे फारशा हलल्या नसतील, तरच तो टिकतो.

तिसऱ्या कागदावर तर्काची गरज उरत नाही. २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रे नव्याने ठरली. धुळे जिल्ह्याखाली शेजारच्या नंदुरबार तहसिलीतली गावे नावानिशी मोजलेली आहेत. खांडबाऱ्याचे नाव मात्र आदेशात नाही. वाचणारा क्षणभर चरकतो. पण कारण त्याच पानावर आहे. नवापूर तहसील संपूर्ण घेतलेली असल्यामुळे तिच्यातल्या गावांची यादी देण्याचे कारणच नव्हते. आदेशाशेजारी तालुक्याची गावयादी ठेवली की पुरावा पुरा होतो. आदेश ‘धुळे’ म्हणतो, कारण नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला तो १ जुलै १९९८ रोजी.

सीमा ठरली, आता पैसा. पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना सुरू झाली. सुरुवातीची पद्धत अशी, की प्रत्येक खाते आपल्या योजनेतून काही भाग आदिवासी क्षेत्रासाठी दाखवी. किती द्यायचे आणि कशावर, हे खातेच ठरवी. रस्त्यांची गरज गावाला अधिक की दवाखान्याची, हा प्रश्न त्या मांडणीत विचारलाच जात नव्हता. माजी मुख्य सचिव डी. एम. सुकथनकर यांच्या समितीने १९९२ च्या अहवालात हा क्रम उलटवण्याची शिफारस केली: राज्य योजनेतला ९ टक्के वाटा आधी बाजूला काढावा आणि त्याचे नियोजन आदिवासी विकास विभागाने करावे. १९९३-९४ पासून राज्याने ही पद्धत स्वीकारली. हा वाटा राज्यातल्या आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणावर बेतलेला होता; पुढे २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९.३५ टक्के नोंदले गेले.

या वाट्याचा माग काढायला अर्थसंकल्पात एक खूण आहे: ७९६ हे गौणशीर्ष. शिक्षण, आरोग्य, रस्ते अशा मुख्य शीर्षांखाली जिथे ७९६ दिसेल, तिथे ती रक्कम आदिवासी क्षेत्र उपयोजनेची. पण एकाच वर्षाचे पुस्तक पाहून भागत नाही. त्या वर्षाच्या पुस्तकात तरतूद असते, पुढच्या वर्षाच्या पुस्तकात सुधारित अंदाज आणि त्यापुढच्या पुस्तकात प्रत्यक्ष खर्च. तिन्ही पुस्तके शेजारी उघडी ठेवली, तरच सभागृहात जाहीर झालेल्या रकमेचे पुढे काय झाले ते दिसते.

हा वाटा म्हणजे ‘राखीव निधी’, ही समजूत इथेच तपासावी लागते. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने स्वतंत्र निधी निर्माण केला आणि व्यवसाय कराचे उत्पन्न त्याला जोडून दिले. उपयोजनेचा ९ टक्के वाटा तसा साठणारा निधी नाही. ती त्या वर्षापुरती तरतूद आहे. ३१ मार्चपर्यंत खर्च झाली नाही तर ती व्यपगत होते. तेलंगणाने मात्र २०१७ च्या कायद्यात अखर्चित वाट्याची भरपाई पुढच्या वर्षी करण्याची सोय ठेवली. सीमेचा आदेश पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण त्या सीमेमुळे मिळणाऱ्या पैशाचे आयुष्य बारा महिन्यांचे असते. म्हणून वित्त विभागाने निधी कोणत्या महिन्यात वितरित केला, ही तारीख रकमेइतकीच महत्त्वाची ठरते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ‘बीम्स’ या शासनाच्या निधीवाटप संगणकप्रणालीवर आलेला निधी कागदावर वेळेत असतो, कामाच्या दृष्टीने उशिरा.

जिल्ह्यापर्यंत हा माग असा पोचतो आणि तिथून पुढे धूसर होतो. नंदुरबारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचा खर्च दिसला, म्हणजे खांडबाऱ्याचा दिसला असे नाही. वसतिगृह एका गावात असते आणि मुले दहा गावांची असतात; रस्ता दोन गावांना जोडतो. लोकसंख्येच्या प्रमाणात भागाकार करून गावाचा वाटा काढता येईल, पण तो अंदाज असेल, पुरावा नव्हे.

ही तुटलेली साखळी एका निर्णयाने काही अंशी जुळली. ऑक्टोबर २०१४ मध्ये राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या अधिकारात अधिसूचना काढली आणि एप्रिल २०१५ मध्ये शासन निर्णय आला: उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचा, आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य–स्वच्छता–शिक्षण, आणि वन व जलसंधारण हे विषय ठरले. त्यांतली निवड ग्रामसभेची. हिशेब करून पाहा. योजनेच्या शंभर रुपयांत उपयोजनेचे नऊ, आणि त्या नवांतले थेट गावांच्या हाती पंचेचाळीस पैसे. रक्कम लहान आहे. पण गावाच्या नावानिशी माग काढता येतो तो या पंचेचाळीस पैशांचा, कारण त्यांची जमा आणि खर्च ग्रामपंचायतीच्या रोकडवहीत चढतो.

म्हणजे सिद्ध काय झाले? खांडबाऱ्याचा हक्क १९८५ च्या आदेशाने, वाट्याचे प्रमाण १९९३-९४ च्या निर्णयाने, आणि थेट निधी २०१५ च्या शासन निर्णयाने. उरलेल्या आठ रुपये पंचावन्न पैशांचा गावापर्यंतचा प्रवास सिद्ध करायचा, तर शासनाने उपयोजनेचा खर्च गावनिहाय छापला पाहिजे. तोवर तपासाचे काम ग्रामसभेने हाती घ्यावे: पाच टक्क्यांच्या वाटपाची यादी, बँकेचे पासबुक आणि रोकडवही एकाच बैठकीत शेजारी ठेवून वाचावी. जुळणारी प्रत्येक नोंद पुरावा आहे, आणि न जुळणारी प्रत्येक नोंद तालुक्याला विचारायचा पुढचा प्रश्न.