पुडीचा कागद

माझ्या तरुणपणाचा एकच फोटो आमच्या घरात आहे. तो काढणाऱ्याचं नाव मला ठाऊक नाही. त्यालाही माझं ठाऊक नव्हतं.

साल १९८२. दहावी होऊन मी माणदेशातनं मुंबईला गेलेलो. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत पथारी, खानावळीत जेवण आणि एका गिरणीत बदली कामगार. १८ जानेवारीला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले महिने जोरात गेले. पावसाळ्यात मात्र खानावळवाल्या मावशींची उधारी एवढी थकली, की त्यांच्या दारावरनं जायची लाज वाटायला लागली. तरी गावाला पत्रात लिहायचो, 'इकडील सर्व क्षेम आहे. काळजी नसावी.'

एक दिवस भारतमाता टॉकीजच्या बाजूला फुटपाथवर उकिडवा बसून मी मुठीतली चिल्लर मोजत होतो. वडा घ्यावा का नुसता चहा, असा हिशेब चाललेला. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. मला पत्ताच नाही. तो एका पेपरात आला. खाली दोनच शब्द, 'संपकरी कामगार'.

पुढं तोच पेपर वाण्याकडनं साखरेची पुडी होऊन आमच्या घरी गेला. आईला अक्षर येत नव्हतं. पुडी सोडता सोडता ती थांबली. आबांना म्हणाली, "आवं, ह्यो आपला थोरला हाय."

आबा म्हणाले, "खाली मान घातलीया. तोंड कुटं दिसतंय?"

"तोंड कशाला बगायचं? पैसं कसं मोजतोय बगा. पोरगं उपाशी हाय."

चौथ्या दिवशी आबा भाकरीचं गठुडं घेऊन लालबागच्या खोलीवर हजर. त्यांच्याबरोबर गावी आलो, तो आजवर मातीतच आहे.

परवा माझी पुतणी आली. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकते. गळ्यात कॅमेरा अडकवून परळ, दादर, गिरगाव पालथं घालते. म्हणाली, "तात्या, माझे फोटो बघून लोक छान म्हणतात आणि पुढं जातात. अनोळखी माणसापाशी कुणी का थांबावं?" मी ट्रंकेतला कागद काढून तिच्या हातात दिला. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "तात्या, मुठीत किती होते?"

म्हटलं, "थांबलीस ना? हेच तुझं उत्तर."

मग तिनं आणलेली पुस्तकं आम्ही दोघांनी चाळली. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजानं मुंबईतल्या माणसांच्या फोटोंचे दोन खंड लंडनला छापले, १८६३ आणि १८६६ साली. माणसं नीट उभी केलेली, बसवलेली, आणि प्रत्येकाची ओळख काय, तर त्याची जात-जमात. माणसांचे फोटो वेगळे काढून मुंबईच्या देखाव्यांवर जोडलेले. पागोटं, अंगरखा, दागिने सगळं दिसतं. पण हा माणूस आत्ता काय करत होता, कुठं निघाला होता, काही कळत नाही. बाजारात दावणीला बांधलेलं जनावर बघावं, तसं बघून आपण पान उलटतो.

दुसरे आपल्या कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर. पुढं जे. जे. चे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं पोस्टकार्डांसाठी आणि पुस्तकांसाठी चितारली. १९१२ सालच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकातली चित्रं त्यांचीच. त्यांची माणसं चाललेली, थबकलेली, काहीतरी कामात असतात. पुढं काय झालं असेल, असं मनात येतं.

आणि आपल्या काळातले सुधारक ओलवे. त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. एकदा जाऊन नव्हे, वर्षानुवर्षं त्यांच्यात राबता ठेवून. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शहर रोज ज्यांच्याकडं बघून नाक मुरडतं, ती माणसं. त्यांच्या फोटोपुढं नाक मुरडायचं सुचत नाही. यांना घरी गेल्यावर भाकरी गोड लागत असेल का, हा विचार येतो.

पुतणीला म्हटलं, "चेहऱ्याच्या मागं लागू नकोस. हात काय करतायत ते बघ. बैल विकत घेताना आम्ही नुसती शिंगं बघत नाही, चालवून बघतो."

तिनं विचारलं, "पण न विचारता फोटो काढावा का?"

या प्रश्नाला मी अजून अडतो. त्यानं विचारलं असतं, तर मी मूठ लपवली असती, केस सारखे करून हसत उभा राहिलो असतो. आईला पोरगं मजेत दिसलं असतं, आणि माझं काय झालं असतं, कोण जाणे. पण न विचारल्यामुळं माझी भूक कितीतरी घरांत सकाळच्या चहाबरोबर वाचली गेली, हेही खरंच. एकच वाटतं. फोटो काढल्यावर तो दोन मिनिटं माझ्याजवळ टेकला असता, छापू का म्हणून विचारलं असतं, तर मी कदाचित हो म्हणालो असतो. आणि फोटोखाली माझं नाव आलं असतं.

पुतणी परत मुंबईला गेली. आता फोन करते तेव्हा आधी माणसाचं नाव, गाव सांगते, मग फोटोचं.