गोमांतकांतील पोर्तुगीज औषधकार

जुन्या मराठी कागदपत्रांत वैद्य पुष्कळ भेटतात. कोणास इनाम जमीन दिलेली असते, कोणास वर्षासन चालविलेलें असतें, तर कोणास अमुक सरदाराच्या दुखण्यासाठीं पालखी पाठवून बोलाविलेलें असतें. परंतु वैद्यानें सांगितलेलें औषध ज्या गांध्याच्या दुकानांतून आलें, ज्यानें तें निवडलें, कुटलें, तोलून पुड्या बांधल्या, त्याचें नांव सहसा कोठें आढळत नाहीं. वैद्याची कीर्ति होते ती रोगी बरा झाला म्हणजे. गांध्याची आठवण होते ती माल खोटा निघाला म्हणजे. असें असतां रोग्याच्या पोटांत जें जातें तें शेवटीं गांध्याच्या हातचें असतें, आणि म्हणून वैद्यकाचा इतिहास लिहूं पाहणारानें या दुकानाची वाट चुकवितां कामा नये. आपल्याकडील साधनें या बाबतींत तुटपुंजीं असल्यामुळें, ज्या एका शेजारच्या प्रांतीं औषधें करणाऱ्या मंडळींचीं स्वतःचीं लिखाणें उपलब्ध आहेत, त्या गोमांतकाकडे प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

पोर्तुगीज भाषेंत या धंद्याच्या मनुष्यास ‘बोतिकारियो’ म्हणत. पुढें सोईसाठीं त्यास औषधकार असें म्हटलें आहे. वैद्यानें निदान करावें व औषधकारानें औषध तयार करून द्यावें, एकानें दुसऱ्याच्या कामांत हात घालूं नये, असा दंडक युरोपांत तेराव्या शतकांत दुसरा फ्रेडरिक या बादशहानें आपल्या सिसिलीच्या राज्यांत घातला होता. पोर्तुगालांत पांचवा आफोंसो या राजानें इ. स. १४६१ त तशाच अर्थाचा हुकूम काढला. त्यामुळें वास्को द गामा याच्यामागून जीं आरमारें हिंदुस्थानांत आलीं, त्यांतून आलेला औषधकार म्हणजे वैद्याचा हरकाम्या नव्हे; त्याचा धंदा वेगळा व जबाबदारीहि वेगळी होती.

या लोकांत पहिलें नांव तोमे पिरिश याचें. त्याचा बाप राजाचा औषधकार होता. तो स्वतः युवराज आफोंसो याच्या पदरीं त्याच कामावर होता. इ. स. १५११ त तो औषधी मालाचा सरकारी कारभारी म्हणून मलबारांत आला, दुसऱ्या वर्षीं आल्बुकेर्क यानें त्यास मलाक्यास पाठविलें, आणि तेथें वखारीचा हिशेब पाहतां पाहतां त्यानें तांबड्या समुद्रापासून चीनपर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहून काढलें. हाच त्याचा ‘सुमा ओरिएंताल’ हा ग्रंथ. त्यांत आपल्या चौल व दाभोळ या बंदरांचीहि हकीकत आहे, व निजामशाही-आदिलशाहीच्या आरंभींच्या काळासाठीं ती अभ्यासकांनीं अवश्य पाहावी. परंतु आपल्या विषयास ग्रंथापेक्षां त्याचें एक पत्र अधिक उपयोगी आहे. इ. स. १५१६ च्या जानेवारींत कोचीहून त्यानें मानुएल राजास तें लिहिलें. त्यांत रेवाचिनी, बहावा, अफू, चिंच, कोळिंजन, हिरडा, एळिया, जटामांसी इत्यादि जिनसांचा एकेक करून परामर्श घेतलेला असून, कोणती कोठें पिकते व कोणत्या बंदरांतून येते, हें सांगितलेलें आहे.

वरवर पाहतां ही व्यापाऱ्याची यादी वाटते. परंतु ज्याला औषधाचा उपयोग माहीत आहे त्यानें ती केली आहे, हें लक्षांत घेतलें पाहिजे. लिस्बनच्या बाजारांत या जिनसा वेनिसवाल्यांमार्फत दहा हातांतून फिरून येत, आणि प्रत्येक हातागणिक त्यांचें जन्मस्थान बदलत असे. जिन्नस मूळचा कोठला हें ठाऊक नसलें म्हणजे तो चांगला कीं वाईट, ताजा कीं किडका, खरा कीं बनावट, हें ठरविण्यास आधार राहत नाहीं. वैद्याचें सर्व निदान बरोबर असलें तरी मग रोगी हातचा जातो. रेवाचिनीचें उदाहरण घ्यावें. ती चीनची आहे हें आपल्या भाषेनें तिच्या नांवांतच सांभाळून ठेविलें आहे. चोपचिनी व कबाबचिनी यांच्या नांवांतहि तोच देश आहे, मात्र कबाबचिनी ही खरोखर जावा बेटाकडची. म्हणजे नांवावर विसंबलें तरी फसगत होतेच. रेवाचिनी समुद्रमार्गें आली तर दमट हवेनें नासते, खुष्कीनें हुरमुजाकडून आलेली त्या मानानें टिकते, असें पुढें गार्सिया द ओर्ता यानें लिहून ठेविलें आहे. रेचक द्यावयाचें असतां दोन वखारींतील दोन तुकड्यांपैकीं कोणता घ्यावा, हें यावरून ठरत असे.

ओर्ता हा वैद्य होता, औषधकार नव्हे. इ. स. १५३४ त तो हिंदुस्थानांत आला, बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं त्याची ये-जा होती, आणि मुंबई बेट कांहीं काळ त्याच्याकडे खंडानें होतें, हें सर्वश्रुत आहे. इ. स. १५६३ त गोव्याच्या छापखान्यांत निघालेला त्याचा संवादरूप ग्रंथ युरोपांत लॅटिन सारांशाच्या रूपानें चार वर्षांत पोंचला. परंतु ओर्ताच्या प्रकाशांत मागची पिढी दिसेनाशी झाली आहे. सिमांव आल्वारिश नांवाच्या गोव्याच्या औषधकारानें सुमारें इ. स. १५४७ त, म्हणजे ओर्ताच्या ग्रंथापूर्वीं सोळा वर्षें, पोर्तुगालास जाणाऱ्या औषधांच्या उगमाविषयीं एक टिपण लिहिलें होतें. पिरिशनें आरंभिलेली व ओर्तानें ग्रंथरूपास आणलेली चौकशी मधल्या काळांतहि खंडली नव्हती, आणि ती दुकानांत बसणाऱ्या मनुष्यांनीं चालविली होती, एवढें यावरून निश्चित होतें.

आतां रोग्याच्या अंथरुणाशीं औषधकार काय करीत असे तें पाहूं. गोव्याच्या राजकीय इस्पितळाची स्थापना आल्बुकेर्कच्या वेळची असून, इ. स. १५९१ पासून त्याची व्यवस्था जेसुइट पाद्र्यांकडे आली. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल यास इ. स. १६०८ त आजारी स्थितींत तेथें आणण्यांत आलें. तेथील स्वच्छता, रेशमी पांघरुणें, चिनी मातीच्या थाळ्या यांचें त्यानें तोंडभर वर्णन केलें आहे. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, वैद्य, शस्त्रवैद्य व औषधकार असे सर्व मिळून दिवसांतून दोन वेळां प्रत्येक रोग्यास पाहत. म्हणजे औषधकार आपल्या खलबत्त्यापाशीं बसून चिठ्ठीची वाट पाहत नसे. ज्याच्यासाठीं औषध करावयाचें त्याचें तोंड तो पाहत असे. हल्लींच्या मोठमोठ्या रुग्णालयांत औषधशास्त्रज्ञानें वैद्याबरोबर फेरीस जावें, अशी नवी पद्धत म्हणून जिचा पुरस्कार होतो, ती गोव्यांत चारशें वर्षांपूर्वीं चालू होती.

मात्र पिरारच्या वर्णनानें भुलून जाऊं नये. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत याच इस्पितळांत पंचवीस हजार शिपाई मेले, अशी पोर्तुगीजांचीच नोंद आहे. सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासानें खंगलेले, रक्तपितीनें हिरड्या सुजलेले हे लोक. त्यांस रक्तस्राव करविणारे न्हावी मिळत, आणि शहराचें पाणी दूषित. पुढें ताव्हेर्निये यानें इस्पितळाची पूर्वींची कीर्ति राहिली नसून व्यवस्था बिघडली असल्याचें लिहिलें आहे. रक्त काढून फिकट पडलेल्या रोग्यांस रंग येण्यासाठीं तेथें गोमूत्र पाजीत, व ही युक्ति हिंदूंपासून घेतलेली होती, असेंहि तो सांगतो. धर्मसभेनें इ. स. १५६७ त ख्रिस्ती लोकांस हिंदु वैद्य बोलाविण्याची मनाई केली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याच्या या माहितीची गंमत कळते! मनाई कागदावर राहिली. इ. स. १६१८ त नगरसभेनें परीक्षा दिल्यावांचून कोणीं वैद्यकी करूं नये व देशी वैद्यांची संख्या तीसांवर जाऊं नये असें ठरविलें. म्हणजे त्यांच्यावांचून शहराचें चालत नव्हतें. ओर्तानें पटकीचें जें वर्णन केलें आहे त्यांत त्या रोगाचें नांव आपल्या ‘मोडशी’ या शब्दावरूनच घेतलें आहे.

यानंतरचें प्रकरण अगदीं निराळ्या रंगाचें आहे. शिवकालाच्या अभ्यासकांस परिचित असा इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर हा इ. स. १६७५ च्या सुमारास गोव्यास गेला होता. जेसुइटांच्या मठांत त्यानें ग्रंथालय, रुग्णालय व औषधांनीं गच्च भरलेलें दुकान पाहिलें. तेथें गास्पार आंतोनियो नांवाचा मूळचा फ्लॉरेन्सचा एक बंधु होता. तो म्हातारा झाला होता, डोळ्यांनीं जवळजवळ आंधळा. परंतु त्यानें शोधून काढलेल्या ‘गोव्याच्या खड्या’पासून मठास सालीना पन्नास हजार शेराफिन मिळत, असें फ्रायर म्हणतो.

हा खडा काय होता? बकऱ्याच्या पोटांत सांपडणारा खडा, ज्यास फारशींत पादजहर व आपल्याकडे जहरमोहरा म्हणत, तो विषावर उतारा म्हणून दोन्ही खंडांत विकला जाई. खरा खडा दुर्मिळ व महाग. तेव्हां गास्पारनें त्याची भुकटी घेऊन तींत कस्तुरी, अंबर, मोतीं, पोवळें, पाचू, माणिक, औषधी माती वगैरे कुटून घातलीं, गोळा वळला व वर सोन्याचा वर्ख चढविला. तो चाकूनें खरवडून भुकटी पाण्यांतून किंवा मद्यांतून घ्यावयाची. ज्वर, विषबाधा, प्लेग, सर्वांवर एकच औषध. सोन्याच्या जाळीदार डब्यांत घातलेले हे खडे लंडन व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत आजहि पाहावयास मिळतात. आणि संग्राहकांनीं डब्याचें जें कौतुक चालविलें आहे तें योग्यच आहे, कारण गुण असला तर डब्यांतच होता.

आपल्या रसशास्त्रांतहि मोतीं, पोवळें, माणिक आहेत, मग गास्पारलाच दोष कां, असें कोणी विचारील. दोष द्रव्यांचा नाहीं. रसग्रंथांत शोधन-मारणाची कृति श्लोकबद्ध लिहिलेली असते; ज्याच्याजवळ पोथी आहे तो ती पडताळून पाहूं शकतो. गोव्याच्या खड्याची कृति मठाबाहेर जात नसे. पिरिशनें दुसऱ्यांस माल पारखतां यावा म्हणून आपल्याजवळचें सर्व राजापुढें मांडलें. गास्पारच्या खड्यांत काय आहे हें घेणारास पारखतां येऊंच नये अशी योजना होती. पहिल्यामुळें वैद्याचे हात बळकट झाले, दुसऱ्यामुळें मठाची तिजोरी. अर्थात् आपल्याकडील घराण्यांनींहि मात्रा मुलास सांगावी, जांवयास सांगूं नये, असे नियम पाळलेच आहेत. तेव्हां परक्याकडे बोट दाखवितांना जपून दाखविलेलें बरें.

इ. स. १७५९ त पोंबाल यानें जेसुइटांचें उच्चाटन केलें व मठाचें दुकान बंद पडलें. सात वर्षांनीं, इ. स. १७६६ त, पोर्तुगाल, हिंदुस्थान, मकाव व ब्राझील येथील जेसुइट औषधालयांच्या गुप्त कृतींचा एक हस्तलिखित संग्रह तयार झाला; तो रोम येथें संघाच्या दप्तरांत आहे. देशोधडीस लागलेल्या मंडळींनीं जमिनी गेल्या तरी कृति जाऊं नयेत म्हणून तो लिहून ठेविला असावा. गोव्याचें पुढचें पाऊल वेगळ्या दिशेनें पडलें: इ. स. १८४२ त पणजीस वैद्यकशाळा निघाली व तींत औषधें करण्याचें शिक्षण उघडपणें मिळूं लागलें. ब्रिटिश हिंदुस्थानांत औषधांतील भेसळीच्या चौकशीसाठीं कर्नल चोपडा यांची समिति नेमावयास इ. स. १९३० उजाडलें, व औषधकारांच्या शिक्षणास आणि नोंदणीस कायद्याचा आधार मिळाला तो स्वतंत्र हिंदुस्थानांत, इ. स. १९४८ त.

हस्तलिखितें जमविणारांस येथें एक सूचना करावीशी वाटते. वैद्यकाचें बाड हातीं आलें कीं आपण प्रथम ग्रंथाचें नांव व लेखनाचा शक शोधतों. ते न सांपडल्यास ‘किरकोळ औषधें’ असा शेरा मारून बाड बाजूस ठेवितों. परंतु ज्या पानांवर तोळे, मासे, गुंजा यांचे हिशेब आहेत, अमुक हिंग अमक्याकडून घेतला, रेवाचिनी किडकी निघाली म्हणून परत केली, अशा ओळी आहेत, तीं पानें कोणत्याहि निघंटूच्या शंभराव्या नकलेपेक्षां अधिक मोलाचीं होत. गांध्यांच्या मोडी चोपड्या तर रद्दींतच जातात. शिळ्याप्रेसवर छापलेल्या निघंटूची प्रत दुसरीकडे मिळेल. या चोपडीची दुसरी प्रत कोठेंच नसते. मालाचा भाव, बंदराचें नांव व वजनाचें परिमाण हीं तीन तरी सूचींत नोंदावींत.

अशा कागदांचें नशीब कसें असतें हें पिरिशच्याच ग्रंथावरून दिसेल. त्याचा कांहीं भाग रामुसियो या वेनिसच्या संपादकानें इ. स. १५५० त छापला, पण कर्त्याचें नांव त्यास ठाऊक नव्हतें. संपूर्ण प्रत पॅरिस येथें फ्रेंच प्रतिनिधिसभेच्या ग्रंथालयांत, फ्रान्सिश्कु रोद्रिगिश नांवाच्या नाविकाच्या वहीबरोबर एकाच बांधणींत पडून होती. ती इ. स. १९३७ त आर्मांदु कोर्तेझांव यांस सांपडली व इ. स. १९४४ त छापून निघाली. म्हणजे चारशें वर्षें औषधकाराचा ग्रंथ नाविकाच्या पाठीशीं लपून राहिला होता.

पिरिश स्वतः गोव्यास परतला नाहीं. इ. स. १५१६ त त्यास चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठविलें. कँटनास उतरल्यावर दोन-अडीच वर्षें वाट पाहून तो पेकिंगास पोंचला. तोंच बादशहा वारला, आणि वकिलातीस हेर ठरवून कँटनास परत आणून कैदेंत टाकलें. तेथेंच तो इ. स. १५२४ च्या सुमारास मेला. त्याच्याबरोबर कैदेंत असलेल्या क्रिश्तोव्हांव व्हियेरा यानें चोरून बाहेर पाठविलेल्या पत्रांत, चिनी अंमलदारांनीं जप्त केलेल्या मालाची यादी दिली आहे. तींत रेशमी कापड आहे, कस्तुरी आहे, आणि वीस क्विंतल रेवाचिनी आहे.