तालुक्याला शुक्रवार कसा मिळाला?

१/ सेकंदाला २४ चौकटी या वेगाने अडीच तासांचा चित्रपट दाखवायचा, तर ३५ मिलिमीटरची फीत चार किलोमीटरांहून लांब लागते. या शतकाच्या आरंभी अशी एक प्रत काढण्यास पन्नास-साठ हजार रुपये पडत. तालुक्याच्या चित्रपटगृहाचे नशीब या आकड्याशी बांधलेले होते.

२/ प्रती मोजक्या, म्हणून वाटपाला उतरंड होती. मुंबई-पुण्यातील गर्दी ओसरली की तीच प्रत जिल्ह्याला, मग तालुक्याला आणि अखेर जत्रेतल्या तंबूला जाई. तोवर फितीवर ओरखडे उठलेले असत. व्हीसीडी आल्यावर तर चोरटी प्रत अनेकदा फितीच्या आधीच गावात पोहोचू लागली.

३/ २००५ साली हॉलिवूडच्या स्टुडिओंनी डिजिटल प्रक्षेपणाचे मानक प्रसिद्ध केले. त्याबरहुकूम यंत्रणा लहान मालकाच्या आवाक्याबाहेरची होती. त्याच सुमारास भारतात ‘यूएफओ मूव्हीज’ने वेगळी वाट धरली. चित्रपट उपग्रहामार्गे थेट चित्रपटगृहातील सर्व्हरवर उतरवायचा, प्रोजेक्टर स्वस्तातला वापरायचा आणि मोबदला खेळागणिक शुल्कातून व जाहिरातींतून मिळवायचा.

४/ मालकापुढचा पेच खरा होता. होकार दिला, तर मुंबईचा शुक्रवार त्याच दिवशी तालुक्यात. पण जुने यंत्र त्याच्या मालकीचे होते, गावातला कारागीरही ते दुरुस्त करी. नव्या व्यवस्थेत परवान्याची सांकेतिक किल्ली आल्याखेरीज चित्रपट उघडत नसे आणि प्रत्येक खेळाची नोंद परस्पर दुसऱ्याकडे होई.

५/ नकाराची मुभा फार काळ उरली नाही. २०१३ मध्ये फुजीफिल्मने चित्रपटांच्या प्रतींसाठीच्या फितीचे उत्पादन थांबवले. २०१४ च्या आरंभी पॅरामाउंटने अमेरिकेत फितीवरील वितरण बंद केल्याचे उघड झाले. फीतच मिळेनाशी झाल्यावर निर्णय मालकाच्या हाती राहिला नाही.

६/ सर्वांत कोंडी झाली ती महाराष्ट्रातील फिरत्या तंबू सिनेमाची. कमाई जत्रांच्या हंगामापुरती. यंत्र मात्र धूळ आणि जनरेटरची चढउतार होणारी वीज न सोसणारे. या स्थित्यंतराची नोंद ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने घेतली. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला.

७/ डिजिटलने तालुक्याचा उशीर संपवला. रिकाम्या खुर्च्या भरणे त्याच्या हाती नव्हते. दूरचित्रवाणी, मल्टिप्लेक्स आणि पुढे मोबाइल यांनी प्रेक्षक आधीच वाटून घेतला होता. म्हणून यंत्र बदलूनही अनेक पडदे काळोखात गेले. शुक्रवार गावात आला, तेव्हा त्याची वाट पाहणारे विरळ झाले होते.