उंबरठ्यावरचा कितमीर

दिघीत आमच्या बैठ्या घराशेजारी एक इमारत उभी राहत होती. काम संपलं तसं वॉचमनचं कुटुंब पत्र्याची खोली आवरून दुसऱ्या साइटवर गेलं. मागं राहिला तो त्यांचा तांबूस कुत्रा. त्याच्या कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी झालेली. पावसाळ्याच्या तोंडावर माझी मुलगी त्याला घरी घेऊन आली. अम्मीनं जानमाज उचलून कपाटात ठेवली आणि एवढंच म्हणाली, "उंबरठ्याच्या आत नको."

तिचं चुकत नव्हतं. कुत्र्याची लाळ लागलेला कपडा आमच्याकडे नापाक मानतात; धुतल्याशिवाय त्यावर नमाज होत नाही. म्हणून त्याची सोय ओट्यावर झाली. पोतं, पाण्याचं भांडं आणि साखळी. दुसऱ्याच दिवशी मी हौसेनं त्याला आळंदी रस्त्यावर फिरायला नेलं. एका ट्रकनं हॉर्न दिला, त्यानं पट्ट्यातून मान सोडवली आणि उभ्या टेम्पोखाली जाऊन बसला. दोन तास मी तिथं गुडघे टेकून त्याची मनधरणी करत होतो.

त्या रात्री मनात आलं, आपल्या मुलखात माणूस आणि कुत्रा यांचं जमलं तरी कसं? मी पुस्तकं काढून बसलो.

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद नावाचं गाव आहे. 1974 साली तिथं एका शेतकऱ्याला जमिनीत ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. हे काम साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचं मानलं जातं. रथात माणूस उभा आहे आणि पुढच्या दांडीवर चक्क एक कुत्रा! तो बांधलेला नाही. धन्याबरोबर निघालाय, इतकंच.

साताऱ्याच्या शाहू महाराजांची गोष्ट ग्रँट डफनं 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. वाघाच्या शिकारीत कुत्र्यानं महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याच्या नावे जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला. संगम माहुलीला त्याचं स्मारक आहे. आपल्याला हसू येतं. पण महाराज उपकार विसरले नाहीत, हेही खरं.

मग आलं शहर. मुंबईत कंपनी सरकारनं उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला होता. कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस. 1832 च्या जूनमध्ये शिपाई दारातली कुत्रीही उचलू लागले, असा बोभाटा झाला आणि पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. दुकानं बंद झाली, फौजेची रसद अडली. दोनच वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकारानं मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी आणि लसीकरण करायचं, असे देशभरासाठी नियम व्हायला 2001 साल उजाडलं. 2023 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसली. रथावरचा असो, शिकारीतला असो की दारातला, जुन्या कुत्र्याला काम होतं आणि धावायला जागा होती. 1997 साली महापालिकेत येईपर्यंत आमची दिघीही गावच होती. शेताच्या बांधावरच्या कुत्र्याला कुणी फिरायला नेत नसे. तो स्वतःच दिवसभर गाव मोजायचा. आमचा कुत्राही साइटवर रात्रभर राखण करायचा. मी प्रेमानं आणला आणि त्याचं काम काढून घेतलं. मग त्यानं माझ्या चपला फाडल्या तर दोष कुणाचा?

तेव्हापासून चालणं ही माझ्यावरची देणेदारी झाली. पहिले काही दिवस फक्त घराभोवती, ठरल्या वेळी, ठरल्या वाटेनं. जेवणही वेळेवर. पाहुण्यांनी त्याला हात लावायचा नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासणी आणि रेबीजची लस. मान सुटणार नाही असा छातीचा पट्टा. थांबून वास घेत राहिला तर ओढायचं नाही. आपण पेपर वाचतो तसं ते त्याचं वाचन. उन्हाळ्यात डांबरावर हाताचा पालथा पंजा ठेवून बघायचा. आपल्याला सोसला नाही तर त्यालाही सोसणार नाही. बुजरेपणा जायला दोन-तीन महिने लागतात, हे मनाशी धरून चालायचं.

आता रोज पहाटे आम्ही दत्तगडाची चढण चढतो. वर दत्ताचं देऊळ. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यामुळे तिथं आम्हाला कुणी हटकत नाही. एकदा देवळातून उतरणाऱ्या एका आजींनी त्यालाही खोबऱ्याचा तुकडा दिला.

त्याचं नाव मात्र अम्मीनं ठेवलं. कुराणात गुहेतल्या तरुणांची कथा आहे. जुलमी राजवटीपासून जीव वाचवायला ते गुहेत शिरले आणि तीनशे वर्षं झोपले. त्यांचा कुत्रा पुढचे पाय पसरून गुहेच्या उंबऱ्याशी पडून होता. परंपरेनं त्याला नाव दिलं, कितमीर. एका संध्याकाळी आमचा हा प्राणी तस्साच दारात पाय पसरून पडलेला पाहून अम्मी म्हणाली, "हा तर कितमीर!"

नियम अजून तोच आहे. तो आत येत नाही, तिची जानमाज आतल्या खोलीत असते. पण परवा मला ताप होता. फजरची नमाज आटोपून अम्मी दाराशी आली, एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत म्हणाली, "आज याला कोण नेणार? की मी चप्पल घालू?"