इंजिनात तुटून अडकलेला स्पार्क प्लग : कारणे, काढण्याची रीत आणि घ्यावयाची दक्षता

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनातील स्पार्क प्लग हा आकाराने बोटाएवढा, किमतीने स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग आहे. मात्र तो उघडताना मधोमध तुटला आणि त्याचा आटे असलेला भाग सिलिंडरच्या हेडमध्येच राहिला, तर हे किरकोळ काम इंजिनाच्या जिवावर बेतू शकते. घाईने ठोकाठोक केल्यास चिनी मातीचा कण सिलिंडरमध्ये पडतो, हेडमधील आटे झिजतात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी हेड बदलण्याची वेळ येते. याउलट, योग्य क्रमाने आणि धीराने काम केल्यास असा तुकडा बहुतेक वेळा हेड न उतरवताही बाहेर काढता येतो.

प्लगची रचना

इंजिनातील इंधन व हवेचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवण्याचा प्रयोग एटिएन लेन्वार यांनी १८६०च्या सुमारास आपल्या वायू-इंजिनात केला. उच्च दाबाच्या विजेवर भरवशाने चालणारा प्लग व त्यास जोडलेला मॅग्नेटो १९०२ मध्ये बॉश कंपनीतील अभियंता गॉटलोब होनोल्ड यांनी सिद्ध केला. भारतात १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा 'मायको' प्लग इतका रुळला की, जुन्या गॅरेजांतून ते नाव आजही ऐकू येते.

प्लगचे मुख्य भाग तीन. बाहेर पोलादी कवच असते. त्याच्या वरच्या अंगास पाना बसवण्याचा षट्कोन आणि खालच्या अंगास आटे असतात. कवचाच्या आत अॅल्युमिनाची, म्हणजे एका प्रकारच्या कठीण चिनी मातीची नळी असते. या नळीच्या मध्यातून विजेचा दांडा जातो. नळी कवचातील एका पायरीवर टेकलेली असते व वरून कवचाची कड दाबून ती घट्ट केलेली असते. ही नळी खालच्या टोकास निमुळती होत जाते. म्हणून ती वरच्या दिशेनेच बाहेर येते. अखंड नळी खाली सिलिंडरमध्ये पडत नाही. पडतो तो तिच्या टोकाचा तुटलेला कण. तुटलेला प्लग काढताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे फार उपयोगी पडते.

आट्यांचा व्यास इंजिनागणिक वेगळा असतो. आपल्याकडील अनेक दुचाकींत व स्कूटरमध्ये तो १० मिलिमीटर असतो, तर पाण्याचे पंप, गवत कापणी यंत्रे आणि पुष्कळशा मोटारी यांत १४ मिलिमीटर. काही इंजिनांत १२ मिलिमीटरचे प्लगही बसतात. षट्कोनाचे माप यापेक्षा निराळे असते : १० मिलिमीटरच्या प्लगला बहुधा १६चा पाना लागतो, १४ मिलिमीटरच्या प्लगला १६, १९ किंवा २१चा.

प्लग तुटतो का?

प्लगचे कवच पोलादाचे आणि आजच्या बहुतेक इंजिनांचे हेड अॅल्युमिनियमचे असते. दोन भिन्न धातू ओलाव्याच्या सान्निध्यात एकमेकांस लागून राहिले की त्यांच्यात गंज धरतो व आटे जणू चिकटून बसतात. गोव्याच्या किनारपट्टीवरील खारी हवा या क्रियेला हातभार लावते. रोज रस्त्यावर असलेली पायलटांची मोटारसायकल असो, मासेमारीच्या होडीचे बाहेरून लावलेले इंजिन असो किंवा पावसाळा संपल्यावर कोपऱ्यात ठेवलेले ग्रास कटर असो, वर्षानुवर्षे प्लग न उघडल्यास तो अडकणे ठरलेलेच.

हीच अडचण कोरड्या मुलखात वेगळ्या वाटेने येते. तेलंगणाच्या महाराष्ट्र सीमेवरील मुधोळ हे त्याचे चांगले उदाहरण होय. कर्नाटकातील घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाशी याचा संबंध नाही. हे मुधोळ १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात होते. पुढे ते आदिलाबाद जिल्ह्यात गेले आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. बासरच्या सरस्वती मंदिरापासून जवळच्या या भागात मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. कापूस आणि सोयाबीन ही तेथील प्रमुख पिके. अशा भागात पेट्रोलवर चालणारे फवारणी यंत्र हंगामात रोज राबते व उरलेले महिने धूळ खात पडून राहते. प्लगच्या खाचेत काळ्या मातीची धूळ व तेल यांचा थर साचतो. टू-स्ट्रोक इंजिनात तेलमिश्रित इंधन जळत असल्याने खालच्या आट्यांवर काजळी धरते. ऐन फवारणीच्या दिवसांत किक बसेना म्हणून घाईने पाना लावला जातो आणि प्लग तुटतो. कीड शेतकऱ्यासाठी थांबत नाही. त्यामुळे एका तुकड्यापायी दोन दिवस गेले तरी नुकसान पिकाचे होते.

याशिवाय माणसाच्या हातून घडणारी कारणेही आहेत. मागच्या वेळी प्लग प्रमाणाबाहेर आवळलेला असणे, आटे तिरपे बसवलेले असणे, चुकीच्या लांबीचा प्लग वापरणे आणि सैल किंवा तिरका पाना लावणे, ही त्यांतील मुख्य होत. प्रमाणापेक्षा लांब प्लग बसवल्यास त्याचे शेवटचे आटे ज्वलनकक्षात उघडे पडतात, त्यांवर काजळी साचते आणि बाहेर येताना तेच आटे हेडमध्ये रुततात.

काही वेळा दोष प्लगच्या घडणीतही असतो. अमेरिकेत २००४ ते २००८ या काळातील फोर्डच्या ५.४ लिटर, तीन व्हॉल्व्हच्या इंजिनाचे उदाहरण यासाठी दिले जाते. त्या प्लगचे कवच दोन तुकडे जोडून केलेले होते. खालच्या लांब नळीभोवती काजळी साचून ती हेडमध्ये अडकत असे आणि उघडताना जोड सुटून नळी आतच राहत असे. हा प्रकार इतका वाढला की, कंपनीला ते प्लग उघडण्याची स्वतंत्र कार्यपद्धती प्रसिद्ध करावी लागली आणि तुटलेली नळी काढण्यासाठी खास अवजारे बाजारात आली.

आधी निदान, मग हत्यार

प्लग तुटल्याचे कळताच पहिले काम म्हणजे थांबणे. किक मारू नये, सेल्फ दाबू नये. सैल झालेला तुकडा इंजिनातील दाबाने उडून डोळ्यास इजा करू शकतो किंवा आत पडलेला कण सिलिंडरची भिंत खरवडू शकतो. अॅल्युमिना ही अतिशय कठीण असल्याने तिचा बारीक कणही व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला तर कॉम्प्रेशन जाते.

नंतर विजेरीच्या प्रकाशात नेमके काय तुटले आहे ते पाहावे. तीन शक्यता असतात.

पहिली, केवळ वरची चिनी माती तुटली असून षट्कोन शाबूत आहे. हा सर्वांत सोपा प्रकार. कण झटकून वा ओढून काढावेत आणि खोल पान्याने प्लग नेहमीप्रमाणे उघडावा.

दुसरी, षट्कोन तुटून हातात आला आणि आट्यांचा भाग हेडमध्ये राहिला. पुढील कृती मुख्यतः याच प्रकारासाठी आहे.

तिसरी, प्लग बाहेर आला, पण त्याचे खालचे टोक किंवा चिनी मातीचा काही भाग गायब आहे. अशा वेळी बाहेर आलेले सगळे तुकडे कागदावर जुळवून पाहावेत. तुकडा कमी भरत असेल, तर तो आत आहे असेच समजावे आणि इंजिन फिरवू नये.

तुकडा काढण्याची कृती

१. इंजिन थंड होऊ द्यावे. तापलेले अॅल्युमिनियम मऊ असते व त्यातील आटे पटकन ओरबाडले जातात. पेट्रोलचा कॉक बंद करावा, बॅटरीची ऋण तार सोडावी. जवळ विडी-सिगारेट वा उघडी ज्योत असू नये. डोळ्यांवर चष्मा घालावा.

२. प्लगची खाच ब्रशने व हवेच्या झोताने स्वच्छ करावी. तुकड्याचे छिद्र आत उघडे असेल, तर झोत मारण्याऐवजी धूळ ओढून घ्यावी.

३. गंज सोडवणारे तेल आट्यांच्या कडेने थेंबथेंब सोडावे. हे तेल मुरण्यास वेळ लागतो. निदान अर्धा तास, जमल्यास रात्रभर थांबावे. या कामात धीर हेच सर्वांत मोठे हत्यार आहे.

४. कवचात चिनी मातीची नळी उरली असेल, तर ती लांब नाकाच्या पकडीने हलकेच वर ओढावी. ती खाली ठोकू नये. नळी वरच्या दिशेनेच सुटते, हे मागे सांगितलेच आहे.

५. आत काही पडलेले नाही याची खात्री असेल तरच इंजिन हाताने सावकाश फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वांत वर आणावा. या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. कण पडलाच तर तो पिस्टनच्या माथ्यावर राहतो व बारीक नळीने ओढून घेता येतो. मात्र पिस्टन जवळ असल्याने हत्यार फार खोल घालू नये.

६. आता तुकडा फिरवण्यासाठी उलट आट्यांचे हत्यार, गॅरेजच्या भाषेत 'इझी आऊट', वापरावे. कवच मुळातच पोकळ असल्याने बहुधा ड्रिल करावे लागत नाही. सुळक्यासारखे निमुळते इझी आऊट जोराने ठोकल्यास पातळ कवच फुगते आणि आट्यांत अधिकच आवळले जाते. त्यामुळे सरळ धारांचे किंवा चौकोनी हत्यार बरे. त्याच्या टोकास ग्रीस लावावे; सुटणारे कण त्यास चिकटतात.

७. हत्यार हलक्या हाताने बसवून घड्याळाच्या उलट दिशेने जोर द्यावा. तुकडा किंचित हलला की पाव फेरा बाहेर, थोडा आत, पुन्हा तेल, पुन्हा बाहेर, असे करीत जावे. एकदम जोर लावल्यास हत्यारच तुटते. इझी आऊटचे पोलाद इतके कडक असते की साध्या ड्रिलने ते कापले जात नाही आणि मूळ दुखण्यापेक्षा उपाय जड होतो.

८. तुकडा मुळीच हलत नसेल तर हेडचा भाग किंचित कोमट करून पाहावा. तापमानाच्या समान वाढीत अॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे पकड थोडी सैल होते. यासाठी गरम हवेचा झोत वापरावा. पेट्रोलच्या टाकीजवळ व तेल लावलेल्या जागी ज्योत लावणे जिवावर बेतू शकते.

कोठे थांबावे?

हत्यार घसरू लागले, कवच फाटले, आत तुकडा पडल्याची शंका आली किंवा दोन-तीन प्रयत्नांनंतरही हालचाल नसेल, तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे. तेथे तुकडा मध्यावर धरून पोखरता येतो आणि आटे वाचतात. हेडचे आटे गेलेच असतील, तरी लगेच नवे हेड घेण्याचे कारण नाही. छिद्र मोठे करून त्यात पोलादी तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिकॉइल, किंवा आट्यांची नळी बसवता येते. काम नीट झाले तर असे आटे मूळ आट्यांइतकेच टिकतात.

नवा प्लग बसवताना

तुकडा निघाल्यावर योग्य मापाचा टॅप ग्रीस लावून हाताने फिरवावा आणि आटे साफ करावेत. १४ व १२ मिलिमीटरच्या प्लगसाठी आट्यांमधील अंतर सामान्यतः १.२५ मिलिमीटर, १० मिलिमीटरसाठी १ मिलिमीटर असते. त्यानंतर सिलिंडर आतून ओढून स्वच्छ करावा. मोबाईलला जोडता येणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने आत पाहणे शक्य असेल, तर तेही करावे. आत काही नाही असे दिसल्यावर, इग्निशन बंद ठेवून, छिद्रावर फडके धरून दोन-चार किक माराव्यात.

प्लग इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा. पहिले काही फेरे बोटांनीच द्यावेत. प्लग खोल खाचेत असेल तर त्याच्या वरच्या टोकावर पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा बसवून फिरवावा. आटे तिरपे लागल्यास नळीच घसरते आणि हेड वाचते.

अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशर असलेला प्लग आवळण्याचे सर्वसाधारण प्रमाण १० मिलिमीटरसाठी १० ते १२ न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरसाठी १५ ते २० आणि १४ मिलिमीटरसाठी २५ ते ३० न्यूटन मीटर असे आहे. टॉर्क पाना नसल्यास, हाताने पूर्ण बसल्यानंतर नव्या प्लगला सुमारे अर्धा फेरा पुरतो. वापरलेला प्लग पुन्हा बसवताना त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो. त्याला फेऱ्याचा बारावा हिस्साच पुरे.

आट्यांना ग्रीस लावावे की नाही, यावर गॅरेजवाल्यांत मतभेद आहेत. हल्लीच्या प्लगवर गंजरोधक मुलामा असतो. वंगणामुळे आटे घसरते होतात आणि तेवढ्याच जोराने प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. म्हणून काही प्लग उत्पादक ते लावू नये असे सांगतात. मुलामा नसलेल्या प्लगला लावायचेच झाल्यास अगदी पुसट लावावे आणि जोर कमी ठेवावा.

ट्रॅक्टर आणि इतर डिझेल इंजिनांत स्पार्क प्लग नसतो. त्यांतील काही इंजिनांत थंडीत सुरू होण्यासाठी ग्लो प्लग असतात. तेही अडकून तुटतात. परंतु ते अधिक बारीक व लांब असल्याने त्यांचे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

प्रतिबंध

वर्षातून एकदा, आणि हंगामी यंत्राच्या बाबतीत ते ठेवून देण्यापूर्वी, प्लग उघडून आटे पुसावेत व बोटांनी फिरतो ना हे पाहून पुन्हा बसवावा. उघडण्यापूर्वी खाच साफ करावी, इंजिन थंड असू द्यावे आणि पाना षट्कोनावर सरळ बसवावा. उघडताना प्लग जड वाटू लागला, तर तेथेच थांबून तेल सोडावे. प्लग तुटतो तो बहुतेक वेळा त्यानंतर लावलेल्या जोराने.