मूलनलिका-जंतुघ्न औषधे

किडीने वा आघाताने मृत झालेल्या दाताच्या मुळांतील नलिकांत शिरलेल्या जंतूंचा नाश करण्यासाठी, त्या नलिका बारीक फाइलींनी घासून स्वच्छ करीत असताना अथवा एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंतच्या मुदतीत, वापरण्यात येणारी औषधे. मज्जा (दाताच्या आतील मऊ ऊती) मृत झाली की दाताच्या अंतर्भागाचा रक्तपुरवठा खुंटतो. त्यामुळे पोटात घेतलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या सूज व ज्वर यांस काही काळ उतार पाडीत असल्या, तरी नलिकेतील जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत, आणि चार दिवसांनी ठणका पुन्हा सुरू झाला म्हणून गोळी बदलून मागणाऱ्या रुग्णाचा पैसा व वेळ दोन्ही व्यर्थ जातात. या विकाराचे मूळ जंतूंतच आहे, हे काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड यांनी 1965 मध्ये दाखविले: निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या दाढांची मज्जा उघडी पाडली असताही ती जिवंत राहिली, सामान्य उंदरांची मात्र सडली.

प्रारंभीची औषधे उग्र होती. वॉल्कहॉफने 1891 मध्ये प्रचारात आणलेले कर्पूरयुक्त मोनोक्लोरोफेनॉल आणि बकलीचे 1904 मधील फॉर्मोक्रेसॉल यांनी दंतवैद्याच्या खोलीला तिचा परिचित दर्प दिला. परंतु ती जंतूंबरोबर आसपासच्या ऊतींसही जाळीत, शिवाय फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक ठरल्यापासून त्यांचा अंमल जवळजवळ संपुष्टात आला आहे. आज नलिका धुण्यासाठी मुख्यतः 0.5 ते 5.25 टक्के सोडियम हायपोक्लोराइट योजतात. ते जंतू मारते व सडलेली मज्जाही विरघळविते, मात्र मुळाच्या टोकापलीकडे गेल्यास तीव्र वेदना व सूज उत्पन्न करते. त्याच्या पाठोपाठ क्लोरहेक्झिडीन वापरावयाचे झाल्यास मध्ये नलिका धुऊन कोरडी करणे अवश्य ठरते, अन्यथा दोहोंच्या संयोगाने तपकिरी साका बसतो.

दोन भेटींमधील मुदतीत नलिकेत ठेवावयाचे प्रमुख औषध म्हणजे हेर्मानने 1920 मध्ये पुढे आणलेले कॅल्शियम हायड्रॉक्साइड. रसायनदृष्ट्या पानाला लावावयाचा चुना याच जातीचा. तथापि तो दाढेत भरण्याचा घरगुती इलाज कोणी करू नये, कारण नलिका घासून स्वच्छ केल्याविना औषधाचा उपयोग होत नाही. या द्रव्याचा सामू सुमारे 12.5 असून त्या क्षारतेत बहुतेक जंतू तगत नाहीत. परंतु पूर्ण कार्यासाठी त्यास सुमारे सात दिवस लागतात, दंतिन (दाताचे कठीण द्रव्य) त्याची क्षारता काही अंशी शोषून घेते आणि एंटेरोकोकस फीकॅलिस हा चिवट जंतू त्यातूनही पुष्कळदा निभावतो. अशा प्रसंगी 2 टक्के क्लोरहेक्झिडीन किंवा जपानमधील होशिनो यांनी 1996 मध्ये अभ्यासलेले मेट्रोनिडॅझोल, सिप्रोफ्लॉक्सॅसिन व मिनोसायक्लिन यांचे मिश्रण घेतात. यांपैकी मिनोसायक्लिनने दात काळवंडतो, म्हणून पुढील दातांसाठी ते टाळणे शहाणपणाचे.

धाराशिव जिल्ह्यात या शास्त्राची खरी कसोटी औषधाच्या निवडीत नसून त्याच्या मुदतीत लागते. मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयाची स्थापना 1933 ची. निजामी अंमलात 1948 पर्यंत राहिलेल्या या मुलखाला दंतशिक्षणाची सोय त्यानंतर कितीतरी काळाने जवळ आली, आणि अद्यापही अवघड दाढेचा रुग्ण लातूर वा सोलापूर येथील दंत महाविद्यालयाची वाट धरतो. एस.टी.च्या भाड्यापेक्षा बुडालेली मजुरी त्याला जड जाते. त्यातच भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस निघून वसंतात परततात. दरम्यान दाढेवरील कच्चे सिमेंट, जे काही आठवड्यांपलीकडे टिकण्याची अपेक्षाच नसते, झिजते. लाळ आत झिरपते, औषध धुऊन जाते, आणि दुखणे थांबल्यामुळे रुग्णही काम पुरे झाले असे समजतो. याउलट सिमेंट टिकून चुना महिनोन्महिने आत राहिल्यास दंतिन ठिसूळ होण्याचा संभव असतो.

म्हणून प्रवासास निघणाऱ्याच्या बाबतीत, नलिका कोरडी राहत असल्यास, एकाच बैठकीत हायपोक्लोराइटने भरपूर धुऊन ती कायमची भरून टाकणे आणि वर पक्के सिमेंट देणे हा मार्ग प्रस्तुत लेखकास अधिक ग्राह्य वाटतो. पू वाहणे थांबत नसेल तर मात्र तसे करता येत नाही. मग ऊसतोडणीची टोळी सुटण्यापूर्वी दुसरी भेट साधली तरच दाढ वाचविण्यास वाव राहतो.